उबीनचं प्रेक्षणीय स्थळ

माझ्या वडिलांनी, म्हणजे नानांनी, कराडच्या शाळेत जन्मभर भूगोल शिकवला आणि त्या सगळ्या काळात स्वतः भूगोलाच्या वाटेला फारसे गेले नाहीत. कोलारच्या सोन्याच्या खाणी ते दरवर्षी फळ्यावर खडूने ठिपका देऊन दाखवायचे. प्रत्यक्षात कर्नाटकात त्यांचं पाऊल पडलं ते एकदाच, निपाणीला, एका मुंजीसाठी. आई गेल्यानंतर ते पहिल्यांदाच माझ्याकडे सिंगापूरला राहायला आले आणि पहिले काही मॉल पाहून झाल्यावर एका सकाळी दाढी करता करता त्यांनी जाहीर केलं, “दुकानं पुष्कळ झाली. एखादी खाण दाखव. सोन्याची असेल तर उत्तम.”

“नाना, सिंगापुरात सोनं मिळतं ते फक्त लिटल इंडियातल्या सराफांकडे.”

“मग दुसरी कसली आहे?”

“दगडाची आहे. ग्रॅनाइटची. म्हणजे होती. एका बेटावर खाणकामगारांचं जुनं गाव जपून ठेवलंय.”

नानांनी वस्तरा थांबवला. “दगड आपल्याकडे काय कमी आहे? पण परदेशी दगड आहे म्हणतेस, तर जाऊ.”

शनिवार ठरला. नानांनी तो ठरवला, हे मला तेव्हा खटकायला हवं होतं.

इथे माझी थोडी माहिती देणं भाग आहे, कारण पुढे जे झालं ते तिच्यामुळेच झालं. मी वैशाली. वय एकेचाळीस. नोव्हेनातल्या एका हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेत लोकांचं रक्त तपासते. लग्न एकदा करून पाहिलं, मानवलं नाही. टोआ पायोत भाड्याच्या फ्लॅटमध्ये एकटी राहते, सुट्टीच्या दिवशी दुपारी झोपते, आणि या व्यवस्थेबद्दल माझी काहीही तक्रार नाही. तक्रार कराडला होती.

बेटाचं नाव पुलाउ उबीन. पुलाउ म्हणजे मलाय भाषेत बेट, आणि उबीनचा संबंध फरशीशी. थोडक्यात शहाबादी बेट. एके काळी सिंगापूरच्या इमारती आणि मलेशियाला जोडणारा समुद्रातला बांध यांना इथूनच दगड गेला. मग खाणी बंद पडल्या, माणसं मुख्य शहरातल्या फ्लॅटमध्ये गेली, आणि बाकीची सगळी खेडी पाडून झाल्यावर सरकारच्या लक्षात आलं की दाखवायला एक तरी काम्पुंग (खेडं) ठेवायला हवं. ते हे.

सकाळी एमआरटी, म्हणजे इथली मेट्रो, आणि मग बस असं करत आम्ही चांगीच्या धक्क्यावर पोहोचलो. नानांचा वेष : पांढरा शर्ट, टोपी, छत्री, शर्टाच्या आतल्या खिशात पासपोर्ट. पासपोर्ट लागत नाही असं मी दोनदा सांगितलं होतं. “बेट आहे. बेटाचं काही सांगता येत नाही,” असं त्यांचं उत्तर. माझ्या पाठीवरच्या पिशवीत त्यांनी पहाटे उठून लाटलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी.

उबीनला जायला बमबोट असते, म्हणजे जुनी लाकडी मोटारबोट. तिला वेळापत्रक नाही. बारा माणसं जमली की ती सुटते. हे ऐकल्यावर नानांचा चेहरा परदेशात आल्यापासून पहिल्यांदा उजळला.

“म्हणजे वडाप!” ते म्हणाले. “हे तर आपलंच निघालं.”

आम्ही बाकावर बसून माणसं मोजत होतो. सायकलचं हेल्मेट घातलेली पाचजणं होती, एक म्हातारं चिनी जोडपं होतं, आम्ही दोघं. तेवढ्यात एक गृहस्थ आले. इस्त्रीचा लांब बाह्यांचा निळा शर्ट, पॉलिश केलेले बूट, हातात मिठाईचा खोका. बेटावर सायकल चालवायला कुणी इस्त्रीचा शर्ट घालून जात नाही. इस्त्रीचा शर्ट घालून माणूस फक्त मुलगी बघायला जातो.

“अरे! मिलिंदराव! तुम्ही इथे कसे?” नाना ओरडले. शाळेच्या गॅदरिंगमध्ये त्यांना नाटकात कधीच का घेत नसत, ते मला त्या क्षणी समजलं.

मिलिंदराव गोंधळले. “सर, तुम्हीच नऊ वाजता बोलावलंत ना?”

नानांनी समुद्राकडे पाहिलं.

उलगडा असा झाला : मागच्या आठवड्यात मराठी मंडळाच्या एका जेवणात, मी आत भांडी उचलायला मदत करत असताना, नाना कोशिंबिरीच्या रांगेत उभे होते. पुढे मिलिंदराव उभे होते. वय पंचेचाळीसच्या आसपास, तुआसच्या बंदराकडे जहाजदुरुस्तीच्या कामावर इंजिनियर, बायको काही वर्षांपूर्वी सोडून गेलेली. रांग पापडापर्यंत पोहोचेस्तोवर नानांनी त्यांचं गोत्र काढलं होतं. मी नानांना प्रेक्षणीय स्थळ दाखवायला निघाले होते आणि नाना मला.

“परत जायचं का?” मी नानांना दात आवळून विचारलं.

“आता बारा जमतायत,” नाना म्हणाले. “आपण उठलो तर या बाकीच्यांचा खोळंबा.”

तेवढ्यात मासे पकडायच्या काठ्या घेतलेली दोघं बापलेकं आली, नावाड्याने बोटं मोजून “ओके, ओके, गो लाह!” अशी हाक दिली आणि आम्ही निघालो.

समुद्र शांत होता. बोट डुलत होती, पण कौतुकाने डुलावं तेवढीच. अर्ध्या वाटेत मी पाहिलं तर मिलिंदरावांचा चेहरा त्यांच्या शर्टाच्या रंगाच्या बराच जवळ आला होता.

“तुम्ही जहाजांवर काम करता ना?” मी विचारलं. थोडा दुष्टपणा होता त्यात.

“जहाज गोदीत आल्यावर,” ते डोळे मिटून म्हणाले. “उभं असतं तेव्हा.”

नानांनी त्यांना खिशातली आवळ्याची सुपारी दिली. त्यांनी ती कृतज्ञतेने तोंडात टाकली आणि धक्का येईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. बघायला आलेल्या माणसाचं हे वागणं मला आवडलं.

धक्क्यावर उतरताच नानांचा फोन किणकिणला. मलेशियात आपलं स्वागत आहे, असा निरोप होता. उबीन सिंगापूरचंच, पण समोरचा मलेशियाचा किनारा इतका जवळ की फोन पलीकडच्या मनोऱ्याला जाऊन चिकटतात. नानांनी निरोप मोठ्याने वाचला आणि खिशावरून हात फिरवत माझ्याकडे पाहिलं. “पासपोर्ट आणला ते बरं केलं की नाही?”

गाव म्हणजे एक रस्ता. दोन्हीकडे पत्र्याच्या छपरांची लाकडी घरं, सायकलींची दुकानं, समुद्री जेवणाची दोन हॉटेलं, एक चिनी देऊळ आणि त्याच्यासमोर देवांसाठी बांधलेला नाटकाचा रंगमंच. प्रेक्षक देव असल्यामुळे खुर्च्या कमी. एक कुत्रं रस्त्याच्या मधोमध झोपलं होतं आणि त्याला उठवायची पद्धत गावात नव्हती. सिंगापुरात राहून माझी अशा रस्त्याची सवय मोडली होती, जिथे कशालाही रांग नाही आणि कुठलीही पाटी तुम्हाला दंडाची धमकी देत नाही.

सायकली भाड्याने घ्यायच्या होत्या. नानांनी सायकल सोडून बरीच वर्षं झाली होती. दुकानदारीणबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, मग मिलिंदरावांकडे, आणि दोन सिटांची, दोन पायडलांची लांबलचक सायकल पुढे केली.

“डबलसीट!” नाना म्हणाले. “आमच्याकडे यासाठी पोलीस पकडायचा. इथे भाड्याने देतात?”

बाईंचा हिशोब वेगळाच होता. दोन सिटांची सायकल त्यांनी मिलिंदराव आणि माझ्या हातात देऊ केली. मी तत्काळ शेजारची एकेरी लाल सायकल उचलली आणि घंटी वाजवून दाखवली. तेव्हा उरलेलं जे झालं ते असं : पुढे इस्त्रीच्या शर्टातले मिलिंदराव, मागे टोपी घातलेले माझे वडील, कमरेला छत्री. मी त्यांच्या मागे. कांदेपोह्यांच्या इतिहासात मुलाने मुलीच्या बापाला सायकलवर बसवून डोंगर चढल्याचं दुसरं उदाहरण असेल असं वाटत नाही. आणि नाना पायडल मारत नव्हते. मला मागून स्पष्ट दिसत होतं. ते पाय नुसते फिरू देत होते आणि हातवारे करून अग्निजन्य खडकांवर बोलत होते.

पहिली खाण गावापासून जवळच लागली. म्हणजे पाटी लागली. तारेच्या कुंपणापलीकडे हिरवंगार, स्वच्छ, खोल तळं होतं. चहूबाजूंनी सरळ तासलेले करडे कडे आणि पाण्याच्या मधोमध झाडांवर बगळ्यांची वस्ती.

“हे तळं झालं,” नाना म्हणाले. “खाण कुठाय?”

“खाणच आहे ती. काम बंद झालं, पंप बंद झाले, पाणी भरलं.”

नाना कुंपणाला धरून बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, “मुलांना सांगायचो, खाण म्हणजे पृथ्वीच्या पोटात जाणं. इथे तर पोटात पाणी झालंय.” मिलिंदराव हसले, आणि ते हसणं शिष्टाचाराचं नव्हतं.

पुढे एक जपून ठेवलेलं घर पाहिलं. खांबांवर उभं, आत शिवणयंत्र, रेडिओ, कळकट आरसा, पितळी स्टोव्ह, पत्र्याचा डबा. प्रत्येक वस्तूजवळ माहितीची पाटी. नाना हात मागे बांधून एकेक पाहत गेले.

“यातला स्टोव्ह आणि डबा आपल्याकडे अजून वापरात आहे,” ते बाहेर येऊन म्हणाले. “पाटी लावून घेतो. लोक बघायला येतील.”

मग टेकडी. तिच्या माथ्यावरून सगळ्यात मोठी खाण दिसते म्हणून सायकली खाली झाडाला टेकवून आम्ही पायी चढलो. वरून दृश्य खरोखर गप्प करणारं होतं. एवढा डोंगर पोखरून बोटींत भरून नेला, त्याचं शहर उभं केलं, आणि उरलेल्या खड्ड्यात आता ढगांची सावली पोहत होती. नाना बोलले नाहीत, ही बाब नोंदवण्यासारखी आहे.

खाली आलो तर माझ्या सायकलजवळ रानडुकरीण आणि तिची चार पट्टेरी पिल्लं. पिशवी मी सायकलच्या टोपलीत ठेवून गेले होते. ती आता जमिनीवर होती, आणि डुकरीण दशम्यांच्या पुडक्याला सोडवण्यात गुंतली होती.

“हात्!” करून नाना छत्री उगारून धावले. डुकरिणीने मान वर केली. ती तिकडे राहणारी होती, आम्ही पाहुणे, हे तिच्या नजरेत स्वच्छ दिसत होतं. मिलिंदरावांनी नानांना मागून कमरेला मिठी घातली आणि उचलून बाजूला केलं. दशम्या गेल्या. चटणीही गेली, पण चटणी खाल्ल्यावर एक पिल्लू बराच वेळ गोल गोल फिरत होतं.

“तिखट झाली होती का?” नानांनी काळजीने विचारलं.

मिलिंदरावांच्या काजुकतलीचा खोका तेवढा वाचला होता, कारण तो त्यांनी सोडलाच नव्हता. झाडाखाली उभं राहून आम्ही काजुकतलीचं जेवण केलं. नाना फार खूश होते. मी अजून रागातच होते, पण काजुकतली खाताना राग टिकवणं अवघड असतं.

बेटाच्या पश्चिमेला एक छोटं देऊळ आहे, ते पाहायचं माझ्या मनात होतं. त्याची गोष्ट अशी सांगतात : पहिल्या महायुद्धात इंग्रज इथल्या कॉफीच्या मळ्यातल्या जर्मन कुटुंबाला पकडायला आले. घरातली तरुण मुलगी पळाली आणि कड्यावरून पडून मेली. मजुरांनी तिच्यासाठी देऊळ मांडलं. आता तिच्यासमोर भक्त लॉटरीचे आकडे मागतात आणि मोबदल्यात अत्तर, पावडर, लिपस्टिक, आरसे वाहतात. गाभाऱ्यात मूर्तीऐवजी गोरी, सोनेरी केसांची बाहुली उभी आहे. मी पाहिलेलं हे एकमेव देवस्थान, जिथे देवीला सनस्क्रीन चालतं.

नाना पक्के बुद्धिवादी. नारळ फोडणाऱ्यांना ते जन्मभर नारळाची किंमत ऐकवत आले. इथे मात्र ते टोपी काढून उभे राहिले.

“बिचारी पोर,” ते म्हणाले. “परक्या देशात.” मग घसा खाकरून, “तुम्ही बघा निवांत. मी जरा पाय मोकळे करून येतो.”

ते गेले. मी आणि मिलिंदराव एका जर्मन बाहुलीसमोर उरलो. मला वाटलं, आता किंवा कधीच नाही.

“मिलिंदराव, स्पष्ट बोलते. मला लग्न करायचं नाही. तुमच्यात काही खोट आहे म्हणून नाही. मला आहे ते बरं वाटतं.”

त्यांनी एक लांब श्वास सोडला. शर्टाची इस्त्री केव्हाच गेली होती आणि ते माणसात आले होते.

“लवकर सांगितलंत, बरं झालं. मी संध्याकाळपर्यंत पोट आत ओढून फिरलो असतो.”

मला हसू आलं. “मग आलात कशाला?”

“तुमच्या वडिलांमुळे. मंडळाच्या कार्यक्रमात लोक विचारतात, कुठल्या कंपनीत, कुठला वर्क पास, कुठल्या काँडोत फ्लॅट. त्यांनी विचारलं, रात्री जेवायला काय करता? मी म्हटलं, टीव्हीसमोर नूडल्स. तर म्हणाले, रोज? मला रडूच आलं हो रांगेत. त्यांनी समुद्रात उडी मारायला बोलावलं असतं तरी आलो असतो.”

“बोटीवर तुम्ही जवळजवळ तेच केलंत.”

“हो,” ते म्हणाले आणि आम्ही दोघंही मोकळे होऊन हसलो. कितीतरी वेळ बोललो मग. त्यांच्या बायकोबद्दल, माझ्या आईबद्दल, चांगली भाकरी सिंगापुरात का होत नाही याबद्दल. लग्नाचा विषय संपला की माणसं किती बरी बोलतात.

आणि मग माझ्या लक्षात आलं, नाना अजून आले नव्हते.

आधी हाका मारल्या. मग फोन लावला. फोन मलेशियाच्या हद्दीत गेला होता आणि एक बाई मलाय भाषेत मला काहीतरी समजावत होती. सायकली तिथेच होत्या. पायवाट दोन बाजूंना फुटत होती : एक गावाकडे आणि एक खाणीकडे.

“तुम्ही गावाकडे बघा,” मी म्हणाले आणि खाणीच्या वाटेने पळाले.

त्या धावण्यात विनोदी काही नव्हतं. कुंपण जुनं होतं, एका ठिकाणी तार वाकलेली. पलीकडे कडा आणि खाली ते सुंदर हिरवं पाणी. सकाळी मी त्याचे फोटो काढले होते. आता त्याच्याकडे बघवत नव्हतं. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस, जवळून खडक बघायला वाकला असेल तर? “नाना!” मी ओरडत होते, आणि समोरचा कडा माझाच आवाज मला परत देत होता. मी कुंपणाच्या कडेकडेने गेले, चिखलात एकदा पडले, उठले. पाण्यावर काही पांढरं दिसलं. तो बगळा होता. तो उडाला तेव्हा मी खाली बसले आणि रडले. एकटं असण्याची मला सवय आहे. पण त्या दोन मिनिटांत जे होतं, ते एकटं असणं नव्हतं. ते वेगळंच काही होतं आणि त्याची सवय मला नको आहे.

“वैशाली! सापडले!” मागून मिलिंदरावांची हाक आली. ते पळत आले होते, एका हातात बूट.

गावाकडच्या वाटेवर, केळीच्या बागेमागे, खांबांवरचं एक लाकडी घर होतं. ओट्यावर नाना मांडी घालून बसले होते. हातात बशी, बशीत पिसांग गोरेंग (केळ्याची भजी). समोर डोक्याला फुलाफुलांचा रुमाल बांधलेली एक म्हातारी मलाय बाई. तिला सगळे मकचिक (मावशी) म्हणतात. घरापुढे ती शहाळी विकते. दोघांची इंग्रजीत गप्पांची मैफल रंगली होती.

“झालं का बोलणं?” नानांनी आशेने विचारलं.

मी काय काय बोलले ते सगळं लिहीत नाही. तुम्ही मुद्दाम गेलात? त्यावर नानांचं उत्तर : हो, तुम्हाला एकांत मिळावा म्हणून गेलो, मग वाट चुकली, मग या बाई भेटल्या. मी तिकडे खाणीत तुमचं प्रेत शोधत होते! चाळीस वर्षं नकाशे काढले आणि एवढ्याशा बेटावर हरवता? आणि कुणी सांगितलं होतं तुम्हाला स्थळं शोधायला? मला एकदा तरी विचारलंत? आयुष्यात एकदा तरी?

मी श्वास घ्यायला थांबले.

“वाह,” मकचिक नानांना म्हणाली, “युअर डॉटर व्हॉइस व्हेरी गुड. बिफोर टाइम, क्वारी सायरन सेम लाइक धिस.” मग तिने मला नीट समजावलं. खाण चालू होती तेव्हा सुरुंग लावायच्या आधी भोंगा व्हायचा. तिचा नवरा तिथेच दगडाला भोकं पाडायचा. भोंगा झाला की ती धावत जाऊन दोरीवरचे वाळत घातलेले कपडे काढायची, नाहीतर सगळं धुणं धुळीने पांढरं. आज माझा आवाज ऐकून तिचा हात आपोआप दोरीकडे गेला होता.

नानांनी बशी खाली ठेवली.

“वैशू, गेल्या पावसाळ्यात तू दोन दिवस फोन उचलला नाहीस.”

“मला ताप होता. फोन बंद पडला होता. सांगितलं होतं मी.”

“नंतर सांगितलंस. त्या दोन दिवसांत मी कुणाला फोन केला, माहितेय? दुबईला. जोशी मास्तरांच्या मुलाला. परदेशातला तेवढाच एक नंबर माझ्याकडे. तो म्हणाला, काका, मी दुबईतून काय करू?” नानांचा आवाज नेहमीसारखाच होता, वर्गातला. फक्त ते माझ्याकडे बघत नव्हते. “मला जावई नको आहे गं. सिंगापुरातला एक नंबर हवाय. कुणीतरी, ज्याला म्हणता येईल, जरा दार वाजवून बघा. तो नंबर कसा मागतात ते मला ठाऊक नाही. स्थळ कसं बघतात ते ठाऊक आहे. म्हणून ते केलं.”

मी ओट्याच्या पायरीवर बसले. चिखलाने माखलेली होते, म्हणून मकचिकने ओला फडका आणून दिला आणि एक भजं माझ्या तोंडात कोंबलं. रडताना गरम केळं खाणं हे कौशल्याचं काम आहे.

“नाना,” मिलिंदराव अजून बूट हातात धरून उभे होते, “माझा नंबर घ्या. लग्नाचं नाही म्हणाल्यात त्या, आणि ते योग्यच आहे. पण दार मी वाजवू शकतो.”

नानांनी माझ्याकडे पाहिलं. जन्मात पहिल्यांदा, विचारल्यासारखं.

“घ्या,” मी म्हणाले.

त्यांनी चष्मा लावला, फोन काढला आणि एकेक आकडा मोठ्याने म्हणत टिपून घेतला. मकचिकने, हे काय चाललंय, असं विचारलं. मी सांगितलं. “गुड,” ती म्हणाली. तिची मुलं तांपिनीसच्या फ्लॅटमध्ये राहतात, तिला तिकडे बोलावतात. तिला लिफ्ट आवडत नाही. म्हणून रोज सकाळी ती त्यांना फोन करते आणि सांगते, अजून आहे. “दे आर व्हेरी लेझी. आय मस्ट कॉल.” नानांनी तिचाही नंबर टिपून घेतला.

परतीच्या बोटीत मिलिंदराव पुन्हा निळे पडले आणि नाना त्यांच्या पाठीवरून हात फिरवत बसले. चांगीच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे छपराखालच्या खाऊगल्लीत, आम्ही तिघांनी नासी लमाकचा शाकाहारी अवतार खाल्ला (नारळाच्या दुधातला भात. मासळी काढली की उरतो तो भात आणि पश्चात्ताप). नाना पहाटेपासून जागे होते. बसमध्ये माझ्या खांद्यावर डोकं टेकून घोरायला लागले. लोक बघत होते. बघोत.

उरलेल्या दिवसांत त्यांनी एकही प्रेक्षणीय स्थळ पाहिलं नाही. ते नंबर गोळा करत फिरले. शेजारच्या चिनी आजीचा, खालच्या कोपीवाल्या (कॉफीवाल्या) अंकलचा, माझ्या लॅबमधल्या मैत्रिणीचा. मिलिंदरावांकडे जेवून आले आणि त्यांना पिठलं शिकवून आले. विमानतळावर निघताना मला म्हणाले, “भूगोल पुस्तकात शिकवतात तसा नसतो.” कसा असतो ते सांगायच्या आत सुरक्षा तपासणीवाल्याने त्यांना पट्टा काढायला लावला.

लोक मला विचारतात, उबीनला काय आहे? मी सांगते, भरलेले खड्डे आहेत. डोंगर होता तिथे आता पाणी आहे, पाण्यावर बगळे आहेत, आणि जे गाव जपून ठेवलंय असं पाटीवर लिहिलंय, त्यातल्या एका बाईला आपण जपलेले आहोत हे मुळीच मान्य नाही. एकदा जाऊन या. डबा सायकलच्या टोपलीत ठेवू नका.

नाना कराडला परत गेल्यावर तिसऱ्या रविवारी मी नेहमीप्रमाणे दुपारी झोपले, फोन स्वयंपाकघरात, आवाज बंद. जागी झाले ती दारावरच्या धडाधड आवाजाने. उघडलं तर चिनी आजी, हातात सुपाचं भांडं. तिच्यामागे धापा टाकणारे मिलिंदराव, घरातल्या अर्ध्या चड्डीत, शहराच्या दुसऱ्या टोकाहून टॅक्सीने. दोघांनी मला डोक्यापासून पायापर्यंत तपासलं. आत फोन थरथरत ओट्यावरून सरकत होता. अनोळखी नंबर होता.

“हॅलो, वैशाली?” पलीकडे कोंबडा आरवला. “धिस इज मकचिक, उबीन. युअर फादर सेज यू डोन्ट पिक अप. पिक अप लाह, गर्ल! ही कॅनॉट ईट.”

मी तिला सॉरी म्हटलं, आजीला आत बसवलं, मिलिंदरावांना पाणी दिलं आणि नानांना फोन लावला.

एंगेज होता.

पुन्हा लावला. बराच वेळ एंगेजच लागत होता.